परदेशात इंग्रजी शिकवायला एम.ए. लागते का? आधी व्हिसाचे नियम पाहा

बी.ए. झालेल्या मुलाने किंवा मुलीने परदेशात इंग्रजी शिकवायला जायचे म्हटले की चारही बाजूंनी एकच सल्ला येतो, ‘आधी एम.ए. करून घे.’ त्यात दोन वर्षे आणि घरच्यांचे पैसे घालण्याआधी जरा थांबा. शाळा आणि भाषावर्गांतल्या बहुतेक नोकऱ्यांना पदव्युत्तर पदवी लागत नाही. साधी पदवी मात्र बहुतेक ठिकाणी लागतेच, कारण कामाचा परवाना तिच्यावर ठरतो. शाळेला तुम्ही कितीही पसंत पडलात तरी तिथल्या सरकारला पदवी दाखवावीच लागते.

१. देश निवडा आणि तुमच्या पासपोर्टला लागू असलेला नियम वाचा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची. इंटरनेटवरचे बरेच सल्ले अमेरिकन किंवा ब्रिटिश पासपोर्टधारकांसाठी लिहिलेले असतात, आणि आपली मुले तेच वाचून बेत आखतात.

दक्षिण कोरियाचेच पाहा. तिथला इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. त्यांना कुठल्याही विषयातली पदवी चालते. भारतीयांसाठी २०१० मध्ये लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारातून एक अरुंद वाट आहे. ती सहायक इंग्रजी शिक्षकाची, आणि तिला इंग्रजीतली पदवी व शिक्षक म्हणून पात्रता लागते. म्हणजे इथेही एम.ए.पेक्षा बी.एड. जास्त कामाचे.

जपानमध्ये शाळांतल्या सहायक शिक्षकांना जो ‘इन्स्ट्रक्टर’ व्हिसा मिळतो, त्यासाठी पदवीबरोबर इंग्रजी माध्यमातून किमान १२ वर्षांचे शिक्षण दाखवावे लागते. मराठी माध्यमातून शिकलेल्यांची वाट इथे अडते, आणि हे आधीच कळलेले बरे. इंग्रजी माध्यमात शिकला असाल तर शाळा-कॉलेजांकडून माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असलेली पत्रे आत्ताच घेऊन ठेवा.

थायलंडमध्ये पदवी लागते, शिवाय इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडून सहसा टोइक किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांपैकी एक मागतात: टोइकचे ६०० गुण किंवा आयईएलटीएसचा ५ बँड. व्हिएतनाममध्ये पदवी आणि अध्यापनाचे प्रमाणपत्र हवे. आखातातल्या सीबीएसई शाळांना पदवी आणि बी.एड. हवे असते, आणि आपल्याकडच्या शिक्षकांसाठी हा रस्ता खरोखरच मोकळा आहे.

२. एम.ए. खरेच लागते का, ते पदावरून ठरवा

विद्यापीठात शिकवायचे असेल तर लागते. कोरिया, जपान आणि आखातातली विद्यापीठे सहसा पदव्युत्तर पदवी आणि अनुभव मागतात. जपानमध्ये प्रसिद्ध झालेले शोधनिबंधही विचारतात. तेच ध्येय असेल तर साहित्यापेक्षा इंग्रजी अध्यापनावर भर देणारा अभ्यासक्रम निवडा. हैदराबादच्या इफ्लूमध्ये (इंग्रजी आणि परदेशी भाषांचे विद्यापीठ) असे अभ्यासक्रम आहेत. बाकीच्यांनी आधी दोन-तीन वर्षे शिकवावे, एम.ए.चा विचार त्यानंतर करावा.

३. अध्यापनाचे प्रमाणपत्र घ्या

केंब्रिजचा सेल्टा हा सर्वांत जास्त मान असलेला अभ्यासक्रम. तो किमान १२० तासांचा असतो, आणि त्यात खऱ्या विद्यार्थ्यांना सहा तास शिकवावे लागते. मागे बसलेला प्रशिक्षक टिपणे काढतो आणि तासानंतर काय जमले, काय फसले ते सांगतो. प्रवेशासाठी पदवीची अट नाही. म्हणूनच ‘सेल्टा केला, आता पदवी नको’ असा गैरसमज होतो. सेल्टाने शिकवायला येते, पण पदवी मागणारा व्हिसा त्यावर मिळत नाही. दोन दिवसांत ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त प्रमाणपत्रांत शिकवण्याचा सराव नसतो. त्यांवर पैसे घालवू नका.

४. कागदपत्रांना आजच हात घाला

आपल्याकडे अनेकांजवळ फक्त गुणपत्रिका असतात, पदवी प्रमाणपत्र घ्यायचे राहून गेलेले असते. परदेशात गुणपत्रिकेवर भागत नाही. विद्यापीठाकडे अर्ज करून पदवी प्रमाणपत्र मिळवा.

मग सगळ्या कागदांवरची नावे शेजारी ठेवून ताडून पाहा. आपल्या गुणपत्रिकांवर अनेकदा आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, कधी शेवटी आईचेही. पासपोर्टवर मात्र क्रम वेगळा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या कागदांत तर दोन वेगळ्या व्यक्ती असल्यासारखे दिसते. यासाठी प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला, लागल्यास राजपत्रातली नोंद तयार ठेवा. परक्या देशातल्या कारकुनाला आपली नावांची पद्धत माहीत नसते, आणि शेवटच्या आठवड्यात यावरून अर्ज अडला की फार त्रास होतो.

जपान आणि कोरियासाठी पदवीवर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा परदेशात मान्य होणारा शिक्का) लागले तर ते परराष्ट्र मंत्रालय करते, त्याआधी राज्य पातळीवर साक्षांकन होते. संयुक्त अरब अमिरातीसाठी त्यांच्या दूतावासाचा शिक्का लागतो. मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर आखातात ती चालेल का, हे नोकरी देणाऱ्या शाळेकडून लेखी विचारून घ्या. पोलिसांचा चारित्र्य दाखला मात्र अगदी शेवटी काढा, कारण तो लवकर जुना धरला जातो.

५. एजंट तपासा, टुरिस्ट व्हिसावर जाऊ नका

‘आधी या, परमिट नंतर करू’ म्हणणाऱ्याला तिथेच नकार द्या. टुरिस्ट व्हिसावर शिकवणे बेकायदा आहे. पकडले गेलात तर दंड आणि परत पाठवणी तुमची होते, शाळा दुसरा शिक्षक शोधते. एजंट नोंदणीकृत आहे का, ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते.

करारात व्हिसाचा प्रकार, आठवड्याचे तास, पगार आणि राहण्याची सोय स्पष्ट लिहून घ्या. मूळ पदवी आणि पासपोर्ट कुणी ‘सांभाळायला’ मागितले तर देऊ नका. व्हिसाच्या कामासाठी द्यावेच लागले तर पोच घ्या, आणि काम झाल्याच्या दिवशीच परत मागा.