कोंबडीची पिल्लं घरी यायच्या आधी: वरच्या प्रथिनांची तयारी

आधी खाद्याच्या पोत्यावरचं लेबल वाचा. गावरान पिल्लांना सुरुवातीचे आठ आठवडे १८ ते २० टक्के प्रथिनं पुरतात, ब्रॉयलरला पहिल्या दिवसांत २२-२३ लागतात. पोत्यावर एवढा आकडा असेल तर वरून फारसं काही द्यावं लागत नाही. आपल्याकडे नागपुरात गोम असते ती कनकीत, म्हणजे तांदळाच्या तुकड्यांत. धानाचा पट्टा शेजारीच, म्हणून ती स्वस्त मिळते आणि खाद्य पुरवायच्या नादात मापानं मिसळली जाते. २० टक्क्यांच्या ७ किलो खाद्यात ८ टक्क्यांची ३ किलो कनकी गेली की हाती उरतात १६.४ टक्के. मग पंख उशिरा फुटतात, पिल्लं एकमेकांची पिसं उपटतात आणि आपण टॉनिकच्या बाटल्या शोधत फिरतो. तेव्हा कनकीचं पोतं पहिले दोन महिने बांधूनच ठेवा. मोठ्या कोंबड्यांचं लेयर मॅशही (अंड्यावरच्या कोंबड्यांचं भरडलेलं खाद्य) पिल्लांपुढे टाकू नका, त्यातलं ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

अशक्त किंवा प्रवासानं दमलेल्या पिल्लांसाठी अंडी आणून ठेवा. कडक उकडा, गार झाल्यावर पिठाच्या चाळणीवर घासून काढा आणि कोरड्या मॅशमध्ये बोटांनी चोळा, म्हणजे गोळे राहत नाहीत. पंचवीस पिल्लांना दिवसाला एक अंडं खूप झालं. अर्ध्या तासात जे उरेल ते उचलायचं. उन्हाळ्यात ते लगेच आंबतं.

खाद्यात प्रथिनं कमी पडत असतील तर रोजच्या भरीसाठी सोया डीओसी, म्हणजे सोयाबीनची पेंड घ्या. तेल काढून शेकलेली, सुमारे ४५ टक्के प्रथिनांची. घरच्या शेतातलं सोयाबीन वापरायचं तर कच्चं अजिबात नको, प्रथिनं पचूच देत नाही. अर्धा तास उकळून, वाळवून, भरडून घ्या. सोयात मेथिओनिन हा प्रथिनातला गरजेचा घटक कमी असतो, ती उणीव सुकी मासळी भरून काढते. बाजारात ती खारवलेली नाही ना, हे जिभेला लावून बघा (हो, खरंच लावा), कारण जास्त मीठ पिल्लांना मारतं.

ढेपेच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. सरकी ढेप गाईम्हशींची, तिच्यात गॉसिपॉल नावाचं विष असतं. जवसाची ढेपही पिल्लांना सोसत नाही. शेंगदाणा ढेप चालते, पण पावसाळ्यात तिच्यात बुरशीचं विष लवकर धरतं. कुबट वास आला की फेकायची, उन्हात वाळवून उपयोग नाही. ॲझोलाचं (पाण्यावर वाढणारं शेवाळासारखं नेचं) कौतुक फार होतं, पण ते नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. इवल्याशा पोटात त्यानं जागा अडते. उधई (वाळवी) मिळाली तर पिल्लं तुटून पडतात, फक्त औषध मारलेल्या जागेची नको.

मॅशव्यतिरिक्त काहीही देणार असाल तर बारीक चाळलेली रेतीही हवी. पाण्याची भांडी मात्र नेहमीपेक्षा जास्त ठेवा. जादा प्रथिनांचं युरिक आम्ल होतं, ते बाहेर काढायला पाणी लागतं. पण त्यानं खाली अंथरलेलं तूस ओलं होतं, अमोनियाचा वास डोळ्यांत जातो. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा वरचं खाणं सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावरच.

एवढं करूनही पिल्लं पटापट मरू लागली तर पुरून टाकू नका. मेलेलं पिल्लू पिशवीत घालून, बर्फावर ठेवून लगेच नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. काळीज-मूत्रपिंडांवर खडूसारखी पांढरी पूड दिसली तर पहिला संशय मूत्रपिंडांवर घ्यायचा, आणि सोबत खाद्याची मूठभर पुडीही न्यायची.