सफरचंदाची वाइन फसफसत नाहीये? या चुका टाळा

ऑक्टोबर आला की इंग्लंडमधल्या परसबागांत झाडाखाली सफरचंदांचा सडा पडतो. शेजारीपाजारी वाटून, मुरांबा करूनही टोपली उरते आणि आमच्याकडे साडेचार लिटरची काचेची बरणी माळ्यावरून खाली येते. (घरच्यापुरती वाइन करायला तिथे परवाना लागत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय करता येत नाही, हे आधी लक्षात घ्या.) रस भरला, यीस्ट घातलं, एअरलॉक (आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी पाण्याची नळी) बसवला. सकाळी पाहावं तर बुडबुडा नाही. संध्याकाळीही नाही. अशा वेळी जीव किती खालीवर होतो, ते मला माहीत आहे. पण वाइन बहुधा याच दोन दिवसांत, आपल्याच हातून बिघडते.

पहिली चूक म्हणजे घाई. यीस्ट रसात पडलं की लगेच अल्कोहोल करायला लागत नाही. आधी ते नव्या जागेला सरावतं, रसात मिसळलेला ऑक्सिजन वापरतं, संख्या वाढवतं. याला २४ ते ७२ तास लागू शकतात. तोवर दर तासाला झाकण उघडायचं नाही आणि दुसरं पाकीटही ओतायचं नाही.

एअरलॉकवर फार विसंबू नका. प्लॅस्टिकच्या बादलीचं झाकण जरा सैल असलं, तरी वायू कडेनं निघून जातो आणि एअरलॉक गप्प राहतो. खरं सांगतो तो हायड्रोमीटर, म्हणजे रसाची घनता मोजणारी काचेची नळी; साखरेचं अल्कोहोल होत जातं तसा त्यावरचा आकडा उतरतो. यीस्ट घालतानाच आकडा लिहून ठेवा, समजा १.०८५. तीन दिवसांनी तो १.०८० झाला असेल तर एकही बुडबुडा दिसला नाही तरी काम सुरू आहे. सुरुवातीचा आकडाच नसेल तर मग कशाची तुलना करणार? म्हणून ही नोंद मी सगळ्यात महत्त्वाची मानते.

आकडा हलला नसेल तर कारण शोधा. रस विकतचा असेल तर लेबल वाचा. पोटॅशियम सॉर्बेट (ई २०२) किंवा सोडियम बेन्झोएट (ई २११) असेल तर यीस्टला वाढूच दिलं जात नाही. त्या रसाचा नाद सोडा. पाश्चराइज्ड रस किंवा क जीवनसत्त्व घातलेला रस चालतो.

घरच्या रसात जंतू मारायला कॅम्पडनची, म्हणजे गंधकाचा वायू सोडणारी, गोळी घालतात. साडेचार लिटरला एक गोळी आणि मग पूर्ण २४ तास थांबायचं, भांड्यावर नुसतं फडकं बांधून. पहिल्या वर्षी मी अर्ध्या तासातच यीस्ट घातलं होतं. पाच दिवस बरणी निपचित होती. शेवटी रस जोरात ढवळून गंधकाचा वायू घालवला, नवं यीस्ट लावलं, तेव्हा कुठे फेस धरला.

थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही म्हणून आपण डबा शालीत गुंडाळतो ना, तेच इथेही. रात्री हीटिंग बंद झालं की फरशीवरची बरणी गारठते. तिला १८ ते २२ अंशांत ठेवा, पण रेडिएटरला चिकटवू नका. उलट चूकही होते: साखर विरघळवायला उकळतं पाणी घालायचं आणि तशाच गरम रसात यीस्ट टाकायचं. कढत दुधात विरजण लावल्यासारखंच ते. रस कोमटाच्याही खाली येऊ द्या.

साखर एकदम ओतू नका. १.११० च्या वर रस इतका दाट होतो की यीस्टला सुरुवात करणं जड जातं. अर्धी साखर नंतर घाला. सफरचंदाच्या रसात नायट्रोजन कमी असतो, तेव्हा यीस्ट न्यूट्रियंट (यीस्टचं खाद्य) पाकिटावर दिलेल्या प्रमाणात घालाच.

७२ तास उलटले, ऊब आहे, आकडा जागचा हलला नाही, तर विरजण वेगळं तयार करा. स्वच्छ बरणीत २०० मिली कोमट पाणी, चमचाभर साखर, ताजं यीस्ट. फेस आला की त्यात मोठ्या बरणीतला कपभर रस घाला. तोही फसफसला की तेवढाच आणखी. असं दोन-तीनदा करून मग सगळं मोठ्या बरणीत ओता.

पृष्ठभागावर केसाळ बुरशी दिसली तर मात्र हळहळत बसू नका, फेकून द्या. आणि काही होत नाहीये असं वाटलं तरी बरणीला घट्ट बूच लावू नका; उशिरा सुरू झालेली वाइनसुद्धा काच फोडण्याइतका दाब तयार करते.