मावशी ठेवली तरी आई पडते कशी? या चुका टाळा

लातूर-नांदेडकडच्या कितीतरी घरांत आईवडील इकडे आणि मुलं पुण्याला. आजारी आईजवळ दिवसभराची मावशी ठेवली की मुलं निश्चिंत होतात. पण मावशी भाकरी टाकत असते तेव्हाच आई न्हाणीत घसरते. माणूस ठेवलं, पण घर होतं तसंच राहिलं.

आपल्याकडची मोठी चूक पाण्यापाशी होते. नळाला पाणी येतं त्या दिवशी हंडे, ड्रम, बादल्या न्हाणीच्या वाटेवरच मांडतात, पाइप उंबऱ्यावरून आत येतो आणि शहाबादी फरशी ओलीकिच्च. ड्रम एका भिंतीला लावा. पाइप गुंडाळून फरशी पुसेपर्यंत आजींना बाजेवरून उठू देऊ नका. फरशीवरचं शेवाळ दर आठवड्याला खराट्याने घासा. आधाराला टॉवेलचा दांडा चालत नाही, वजन पडलं की तो स्क्रूसकट हातात येतो. भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा लावा. अंघोळीला प्लॅस्टिकची हलकी खुर्ची तर नकोच, ओल्या टाइल्सवर तिचे पाय फाकतात. लुगडं घोट्याच्या वर राहील असं नेसवा.

दुसरी चूक घरात कुणाच्या लक्षातच येत नाही: पाणी कमी पिणं. पारा चाळिशीपार असतो आणि आजी मात्र ‘सारखं उठावं लागतं’ म्हणून तांब्याला हात लावत नाहीत. त्यात बीपीची गोळी, लघवीची गोळी, झोपेची गोळी. उठल्याबरोबर रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तोल जातो. मावशीला एवढं शिकवा: आजी पाच मिनिटं आडव्या असताना बीपी मोजायचं, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर ते आकडे लिहून सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांसह डॉक्टरांना दाखवा. गोळी मनानं बंद करू नका. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर तेही त्यांनाच विचारा, नाहीतर दिवसा भरपूर पाणी द्या आणि संध्याकाळनंतर कमी करा. रात्री बाजेपासून संडासापर्यंत उजेड हवा. लाइट गेली तर हाताशी बॅटरी हवी, आणि ती चार्ज केलेली.

एकदा पडल्या की घरचे म्हणतात, “तुम्ही उठूच नका, आम्ही सगळं हातात देतो.” मायेनं म्हणतात, पण माझ्या मते यानं जास्त नुकसान होतं. बसून बसून मांड्यांची ताकद जाते आणि पुढची पडझड लवकर होते. भिंतीला टेकवलेल्या दणकट खुर्चीवरून उठबस करवून घ्या, सोबत उभं राहून, जेवढं झेपेल तेवढं. उठवताना दंड धरून ओढू नका, खांदा निखळू शकतो. कमरेला पट्टा बांधून तिथे आधार द्या. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात हवी, आणि हात सरळ सोडला की मूठ मनगटाशी यावी. खालचं रबर झिजलं की लगेच बदला. शेजारच्या आजोबांची उरलेली काठी आणून देण्यात काही अर्थ नाही.

तरीही पडल्याच, तर चार जणांनी मिळून लगेच उचलू नका. आधी विचारा कुठं दुखतंय. एक पाय आखूड दिसतोय, पंजा बाहेर वळलाय, किंवा पायावर भार देता येत नाही? खुब्याचं हाड मोडलं असण्याची शक्यता आहे. तिथं तेल चोळणं नाही आणि हाडवैद्य नाही. जागेवरच ठेवा आणि 108 ला फोन करा. डोक्याला मार असेल आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर बोलताहेत, चहा पिताहेत म्हणून थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आणि पुढचे काही आठवडे मावशीला सांगून ठेवा: डोकं दुखणं, विसरभोळेपणा, सारखी झोप किंवा एका बाजूचा हात लुळा वाटला, तर मेंदूभोवती हळूहळू रक्त साचत असू शकतं. ‘म्हातारपणामुळे असेल’ म्हणत घरी बसू नका.