ड्युट्या कमी आणि नवी भरती सुरू: दुकानात काम करणाऱ्याने आधी काय करावं

आमच्या दुकानात रोस्टर स्टोअररूमच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलेलं असायचं. 2023 च्या एप्रिलमध्ये एका गुरुवारी डबा खाऊन हात पुसत मी ते बघायला गेले, तर माझ्या नावापुढे सहाऐवजी तीनच ड्युट्या. उरलेल्या चौकोनांत 'ऑफ'. मॅनेजर म्हणाले, धंदा नाही, वरून तास कमी करायला सांगितलेत. धंदा नव्हता हे खरंच होतं, मलाही दिसत होतं. पण जूनमध्ये त्याच कागदावर खाली पेन्सिलने सहा नवी नावं आली. एकाच्याही पुढे एम्प्लॉयी कोड नाही, सगळी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची.

मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात मी 2008 पासून होते, आधी फ्लोअरवर, मग बिलिंगला. ते दुकान आता बंद झालंय. तेव्हा मी ज्या चुका केल्या त्या आता दुसऱ्या दुकानांतली मुलं करताना दिसतात, म्हणून हे लिहितेय.

आधी समजून घ्या की दुकान असं का करतं. नाहीतर सगळा राग मॅनेजरवर निघतो आणि हाताला काही लागत नाही. दुकानाचं भाडं ठरलेलं असतं, लाइट-एसी ठरलेलं, माल आधीच भरलेला. विक्री पडली की लगेच हलवता येतो तो एकच खर्च, माणसांचा. गेल्या महिन्याच्या विक्रीवरून पुढच्या महिन्याचे तास ठरतात आणि आकडा वरून येतो. आता गिऱ्हाईक येतं कधी? शनिवार-रविवार, संध्याकाळी पाच ते नऊ. तेवढ्यापुरती माणसं हवी असतात, आणि पंधरा वर्षं पगारवाढ घेतलेल्या बाईपेक्षा एजन्सीची नवी मुलगी स्वस्त पडते. वर तीन ड्युट्यांत घर चालत नाही म्हणून जुनी माणसं आपणहून सोडून जातात, मग नुकसानभरपाईही द्यावी लागत नाही.

अमेरिकेत सर्किट सिटी नावाची इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची मोठी साखळी होती. तिने मार्च 2007 मध्ये जास्त पगाराच्या सुमारे 3,400 माणसांना काढलं आणि त्यांच्या जागी कमी पगाराची भरती केली. नोव्हेंबर 2008 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, 2009 मध्ये दुकानं बंद झाली. त्या एकाच कारणाने बुडाली असं मी म्हणणार नाही, मंदीही होती. पण कोणत्या गिऱ्हाइकाला काय दाखवायचं हे जाणणारी माणसं घालवून दुकान सावरलं नाही, एवढं खरं.

आता तुमचं बघू. रोस्टर बदललेलं दिसलं की पहिल्या दिवशी दोनच कामं करा. रोस्टरचा फोटो काढा, तारीख दिसेल असा. आणि कुठल्याही कागदावर सही करू नका, राजीनाम्यावर तर नाहीच. 'घरगुती कारणाने स्वखुशीने' असा मजकूर तयार असतो, तुमच्या हातात फक्त पेन देतात. राजीनामा दिलात की कामावरून काढल्यावर जे मिळायला हवं ते गेलं. वर्षभर सलग काम झालेल्या कामगाराला कपातीत काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि पूर्ण झालेल्या दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. एकाच प्रकारच्या कामातल्या माणसांत जो शेवटी आला त्याने आधी जायचं, हाही नियम आहे.

दुसरा कागद याहून वाईट, कारण तो मदतीसारखा दिसतो. 'पार्ट टाइम नियुक्तीपत्र.' आमच्याकडे एक दादा होते, 19 वर्षांची नोकरी, मूळ पगार 16,900. शनिवारी संध्याकाळी सात वाजता, काउंटरपुढे रांग लागलेली असताना त्यांच्यापुढे कागद ठेवला. चार तासांची ड्युटी, पगार 9,100, नोकरी पक्की. दादांनी बिलाच्या गठ्ठ्यावरच ठेवून सही केली. त्यांना वाटलं, फक्त पुढच्या महिन्यांचा पगार कमी झाला. पण ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना मिळणारी एकरकमी रक्कम, शेवटच्या पगारावर मोजतात, तो पगार भागिले 26 गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. 16,900 वर एका वर्षाचे 9,750 होतात, 9,100 वर 5,250. दर वर्षामागे 4,500 चा फरक, 19 वर्षांचे 85,500 रुपये. आधी पूर्ण वेळ राबलेल्या सगळ्या वर्षांचे पैसे त्या सहीने कमी झाले. तेव्हा आमच्यापैकी कुणालाच हे माहीत नव्हतं. ड्युट्या कमी झाल्या तरी पगाराचा दर कागदावर जुनाच राहू द्या. नवं पत्र दिलं तर 'घरी वाचून सांगते' म्हणा आणि पिशवीत टाका.

पुढचं काम रोजचं आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. दिवस मोजा. आपण तास मोजत बसतो कारण पगार तासांवर कापला जातो. पण आजारपण, रजा, ग्रॅच्युइटी हे सगळं दिवसांवर चालतं.

माझंच सांगते. एप्रिल ते सप्टेंबर आठवड्याला तीन ड्युट्या, काही आठवड्यांत दोनच. पुढच्या फेब्रुवारीत माझं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी सहा आठवडे घरी बसायला सांगितलं. ईएसआयसीतून, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यातून, आजारपणाच्या रजेत रोजच्या पगाराच्या 70 टक्के मिळतात, म्हणून मी निर्धास्त होते. शाखा कार्यालयातल्या बाईंनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. एप्रिल ते सप्टेंबर, 71 दिवस. लागतात 78. सात दिवसांसाठी सहा आठवड्यांचे पैसे गेले. बाईंचा आवाज मऊ होता, पण त्यांच्या हातात काही नव्हतं.

तो हिशेब असा असतो. एप्रिल ते सप्टेंबर पगाराचे 78 दिवस भरले तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये आजारपणाचे पैसे मिळतात. ऑक्टोबर ते मार्चमध्ये भरले तर जुलै ते डिसेंबरमध्ये. सहा महिन्यांचे आठवडे 26, म्हणजे आठवड्याला तीन ड्युट्या धरल्या तर बरोबर 78, एकही चुकली तर कमी. बाळंतपणाच्या लाभासाठी आधीच्या अशा दोन सहामाह्या मिळून 70 दिवस लागतात. महाराष्ट्राच्या दुकाने कायद्यात भरपगारी रजेसाठी वर्षाला 240 दिवस काम झालेलं लागतं, वीस दिवसांना एक रजा. ग्रॅच्युइटीचं वर्ष धरतानाही 240 चाच आकडा बघतात, आठवड्याला सहापेक्षा कमी दिवस चालणाऱ्या आस्थापनेत 190.

म्हणून मॅनेजरशी बोलताना मी आता सगळ्यांना एकच सांगते, तास कापायचेच असतील तर ड्युटी छोटी करा, दिवस कापू नका. आठवड्याला 24 तास मिळणार असतील तर आठ-आठ तासांचे तीन दिवस घेण्यापेक्षा चार-चार तासांचे सहा दिवस मागा. नालासोपारा किंवा बदलापूरहून येणाऱ्याला हे जड जातं, चार तासांसाठी लोकलमध्ये तीन तास. तरी पास महिन्याचाच असतो, आणि एक ड्युटी चार तासांची असली तरी दिवस भरतो.

हिशेबासाठी वेगळी वही लागत नाही. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय घ्या. त्यात दुधाचा हिशेब लिहितोच आपण, त्याच चौकोनात 'फु', 'हा' किंवा 'ऑ' लिहा, फुल, हाफ, ऑफ. हजर राहूनही परत पाठवलं तर 'प'. महिना संपला की बेरीज करा, सॅलरी स्लिपवरच्या दिवसांशी ताडून बघा, पानाचा फोटो काढून ठेवा.

तो 'प' महत्त्वाचा. गिऱ्हाईक नाही म्हणून दुपारी दोनला घरी पाठवतात आणि अर्धा दिवस मांडतात. किमान वेतन ज्यांचं दिवसावर ठरलेलं आहे, अशा माणसाला मालकाने काम दिलं नाही म्हणून कमी तास झाले, तरी पूर्ण दिवसाचं वेतन मिळायला हवं. ही तरतूद 1948 च्या किमान वेतन कायद्यात होती, नव्या वेतन संहितेतही आहे. मुख्य अट ही की कमी काम तुमच्या अनिच्छेमुळे झालेलं नसावं. म्हणून परत पाठवलं की तिथेच मॅनेजरला मेसेज टाका, 'सर, मी आज 11 वाजता हजर होते, तुमच्या सांगण्यावरून 2 वाजता निघतेय, पूर्ण ड्युटी करायची माझी तयारी आहे.' भांडण नाही, आवाज चढवणं नाही. शेवटचं वाक्य मात्र गाळू नका.

आठवड्याभरात लेखी पत्र द्या. मी दिलेलं साधारण असं होतं:

'दि. … पासून माझ्या ड्युट्या आठवड्याला सहावरून तीन करण्यात आल्या आहेत. याबाबत मला लेखी सूचना मिळालेली नाही. मी पूर्वीप्रमाणे सर्व दिवस काम करण्यास तयार आहे. याच काळात दुकानात नवीन भरती झाली आहे. तरी बदलाचे कारण व मुदत लेखी कळवावी आणि उपलब्ध ड्युट्या आधी जुन्या कर्मचाऱ्यांना द्याव्यात, ही विनंती.'

कामाचे तास बदलायचे तर मालकाने आधी 21 दिवसांची नोटीस द्यायची असते. औद्योगिक विवाद कायद्यात ते कलम 9-अ होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेत कलम 40 आहे. पत्रात कलम घालू नका, त्याने समोरचा लगेच वकिलाकडे धावतो. तुम्हाला माहीत असलं की पुरे.

नव्या मुलांबद्दल मला मनापासून सांगायचंय. त्या सहांतली एक दिवा स्टेशनहून यायची, एकवीस वर्षांची. एक्स्चेंजचं बिल कसं करायचं ते तिला लक्षात राहीना, म्हणून पायऱ्या तळहातावर बॉलपेनने लिहून यायची आणि घामाने दुपारपर्यंत अर्धं पुसलेलं असायचं. पहिले पंधरा दिवस मी तिच्याशी नीट बोललेसुद्धा नाही. माझ्या ड्युट्या हिने खाल्ल्या असं वाटायचं. एकदा ट्रायल रूमपाशी तिने विचारलं, "ताई, माझे पीएफचे पैसे कापतात, पण ते जातात कुठे?" तिला यूएएनच, म्हणजे पीएफचा नंबरच, माहीत नव्हता. एजन्सीने दिलाच नव्हता. ऑफच्या दिवशी आम्ही बसून सरकारच्या उमंग ॲपवर काढला. तीन महिने कापलेले, जमा एकच.

तिला कमी पगार, मला कमी ड्युट्या, आणि दोघींना एकमेकींविरुद्ध उभं केलेलं. त्यानंतर पत्र अकरा जणांनी मिळून दिलं, त्यात चार नवी मुलं होती. रोस्टर दोन आठवडे आधी लागू लागलं आणि ऑक्टोबरपासून जुन्यांना चार ड्युट्या मिळाल्या. एजन्सीच्या पीएफबद्दल काहीच उत्तर आलं नाही, त्यासाठी त्या मुलांना वांद्र्याच्या भविष्य निधी भवनात जावं लागलं. तेव्हा नव्यांना काम शिकवा. त्यांच्या सॅलरी स्लिपवर नाव कुणाचं आहे ते विचारा. आणि 'तुझ्यामुळे' हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका.

बायकांसाठी एक गोष्ट. कमी ड्युट्यांच्या बदल्यात क्लोजिंगची ड्युटी गळ्यात मारतात. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानुसार रात्री 9.30 नंतर बाईला तिच्या संमतीशिवाय थांबवता येत नाही, आणि थांबवलं तर सुरक्षेची सोय करावी लागते. नको असेल तर नाही म्हणा.

दुसरीकडे पार्ट टाइम धरायचं असेल तर आधी नियुक्तीपत्र काढून बघा. दुसरी नोकरी करू नये असं कलम असेल तर लेखी परवानगी मागा, नाहीतर तेच कारण काढून घरी बसवतील.

दुकान नुसतं अडचणीत आहे की बंदच होणार, हे फ्लोअरवरच्या माणसाला ऑफिसच्या आधी कळतं. रॅकवर हँगर लांब लांब लावायला सांगतात, माल भरलेला दिसावा म्हणून. साइज तुटलेले असतात, मीडियम येतच नाही. एसी दुपारी बारानंतर लागतो. सप्लायरची माणसं बिलिंग काउंटरपाशी येऊन बसतात. आणि सगळ्यात पक्की खूण पीएफच्या पासबुकात. मागच्या महिन्याचा पीएफ या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो, म्हणून 20 तारखेच्या पुढे बघा. दोन महिने एंट्री नसली तर दुसरीकडे अर्ज टाकायला लागा. पण आधीची नोकरी, पुढचं पत्र हातात आल्याशिवाय सोडू नका.

पत्राला पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर दुकान ज्या वॉर्डात आहे त्या महापालिका कार्यालयात जा, दुकाने व आस्थापना विभागात. तास, रजा, सुट्टी यांची तक्रार तिथे चालते. पगार आणि कपातीसाठी वांद्रे पूर्वेला बीकेसीतलं कामगार भवन. शक्यतो दोघं-तिघं जा, सकाळी लवकर. सोबत नियुक्तीपत्र, सहा महिन्यांच्या सॅलरी स्लिप, रोस्टरचे फोटो प्रिंट करून, कालनिर्णयची पानं आणि मॅनेजरला पाठवलेले मेसेज. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक तिथे द्या आणि दुसरीवर आवक नंबरसकट शिक्का मारून घ्या. शिक्का पुसट उठला तर परत मारायला सांगा, तारीख वाचता आली पाहिजे.