कागदाचे तेजस घडवताना
तेजस या भारतीय लढाऊ विमानाची लांबी १३.२ मीटर आणि पंखांचा विस्तार ८.२ मीटर आहे. त्यामुळे प्रतिकृती १६ सेंटिमीटर लांब असेल, तर तिचे पंख सुमारे १० सेंटिमीटर पसरले पाहिजेत. नाक, दोन पंख आणि उभे शेपूट ही चार टोके कागदी बगळ्याच्या मूळ घडीतूनच मिळतात, आणि आडवे शेपूट नसल्याने नवशिक्यांसाठी मला हेच विमान योग्य वाटते.

खरी कसोटी पंखाच्या पुढच्या कडेची आहे: ती मुळाशी कमी आणि बाहेरच्या बाजूला अधिक मागे झुकते, आणि हा मोड सरळ झाला, की तेजसचे मिराज, म्हणजे पंखांची पुढची कड सरळ असलेले फ्रेंच लढाऊ विमान, होते.

नागपूरच्या मे महिन्यात कोरडा कागद घडीवर चिरतो. म्हणून तो आधी कूलरच्या खोलीत थोडा वेळ ठेवावा आणि मगच नखाने घडी पक्की करावी.