रोबोमाशाला वळवायचं तर समीकरणं थोडीच लिहा

माशासारखा पोहणारा रोबो करायचा म्हटलं की मेकॅनिकलची मुलं आधी सीएफडीचं, म्हणजे संगणकावर पाण्याचा प्रवाह सोडवणारं, सॉफ्टवेअर उघडतात. शेपटीमागचे रंगीत भोवरे स्क्रीनवर झकास दिसतात, पण एकेका फटक्याचं गणित सुटायला तासन्‌तास लागतात आणि कंट्रोलरला उत्तर हवं असतं सेकंदाच्या छोट्याशा भागात. म्हणून आधी वहीच्या पानावर मावेल असं मॉडेल करा.

सुरुवात गणितज्ञ लाइटहिल यांच्या माशांच्या पोहण्यावरच्या १९६०च्या सिद्धांतापासून. लांबट माशाचं अंग आडवं हलताना भोवतीचं पाणीही ढकलतं. माशाच्या अंगाच्या प्रत्येक आडव्या छेदाच्या (कापाच्या) उंचीइतक्या व्यासाचं वर्तुळ काढा. त्यात मावणारं पाणी त्या छेदाबरोबर हलतं असं धरायचं. या पाण्याचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) शेपटीच्या टोकाशी मागे सुटतो आणि त्यातून रेटा मिळतो. एक सर्वो (हव्या त्या कोनात फिरणारी छोटी मोटर) आणि सिलिकॉनची एक शेपटी असेल, तर टोकापुरतं गणितही बरंच काम करतं.

पाण्याचा विरोध मात्र पुस्तकातून उचलू नका, टाकीत मोजा. मी हे असं करतो: रोबो वेगात आला की शेपूट सरळ करून थांबवायची आणि वरून मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा. मग १/वेग विरुद्ध वेळ असा आलेख काढायचा. सरळ रेघ आली तर विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आहे, आणि रेघेच्या चढावरून गुणांक मिळतो. पोहताना शेपूट हलत असते, तेव्हा विरोध याहून जास्त असतो. हा आकडा किमान समजा. दोन फेऱ्यांमध्ये पाणी शांत होऊ द्या. लहान टाकीत भिंतीवरून परतणाऱ्या लाटा सगळं रीडिंग नासवतात.

आता एक ताळा. शेपटीची वारंवारता गुणिले टोकापासून टोकापर्यंतचा झोका, भागिले वेग, म्हणजे स्ट्राउहल अंक. पोहणाऱ्या माशांत तो बहुतेक ०.२ ते ०.४ असतो. २ हर्ट्झ, ६ सेंमी झोका आणि सेकंदाला ४० सेंमी वेग असेल तर ०.३, म्हणजे उत्तम. वेग त्याच्या निम्माच भरला तर शेपटीचा ताठपणा आणि डोक्याची डुलकी तपासा. घरगुती रोबोंचं डोकं फार डुलतं.

ही डुलकीच कंट्रोलला खरा त्रास देते. एका पूर्ण हेलकाव्यात रेटा दोनदा येतो आणि नाक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे जातं. जायरोचं (वळण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचं) कच्चं रीडिंग पीआयडीला, म्हणजे चूक पाहून दुरुस्ती करणाऱ्या कंट्रोलरला, दिलंत तर तो त्या डुलण्याशीच भांडत बसतो. दिशेची सरासरी एका पूर्ण हेलकाव्यावर घ्या आणि वळवण्यासाठी झोक्याचा मध्य एका बाजूला सरकवा. मॉडेलही असंच सरासरीचं हवं, पण बलांची आंधळी सरासरी चालत नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या एका शोधनिबंधात बल आणि आघूर्णाला (वळवणाऱ्या बलाला) आधी गुणक लावून मगच सरासरी काढली आहे. तो शोधनिबंध जरूर वाचा.

सरासरीची किंमत म्हणजे उशीर. १ हर्ट्झला सुमारे अर्धा सेकंद. त्यामुळे गेन, म्हणजे चुकीवर कंट्रोलर किती जोरात दुरुस्ती करतो ते, सुरुवातीला कमीच ठेवा, आणि वळताना रोबो नागमोडी जाऊ लागला तर गेन वाढवण्याऐवजी आधी शेपटीची वारंवारता वाढवून पाहा.