क्लासच्या मुलांना एनएसक्यूएफचं सर्टिफिकेट द्यायचंय? मग सेंटरची मान्यता अशी घ्या

शिवणक्लास, ब्युटीचा कोर्स, पेशंट केअर, कॉम्प्युटर रिपेअरिंग असलं काही तालुक्याच्या गावी चालवणाऱ्यांना कधी ना कधी पालक विचारतातच, की सर्टिफिकेट सरकारमान्य आहे का, म्हणजे एनएसक्यूएफचं (कौशल्याच्या कोर्सच्या लेव्हल ठरवणारी केंद्राची चौकट) आहे का? मग शोधाशोध सुरू होते आणि कुठून तरी एजंट उगवतो, म्हणतो एनसीव्हीईटीची फ्रँचायझी देतो, एवढी फी भरा, पुढच्या आठवड्यात बोर्ड लावा. अशा माणसाला चहा पाजा आणि वाटेला लावा, कारण एनसीव्हीईटी तुमच्या माझ्या सेंटरला थेट मान्यता देतच नाही.

मग देतं कोण? एनसीव्हीईटी म्हणजे कौशल्य शिक्षणासाठीची केंद्राची नियामक संस्था, २०१८ च्या डिसेंबरात अधिसूचना निघाली आणि १ ऑगस्ट २०२० पासून काम सुरू झालं, एनसीव्हीटी आणि एनएसडीए ह्या जुन्या सरकारी संस्था तिच्यातच जमा झाल्या. ती मान्यता देते दोन प्रकारच्या संस्थांना, एक अवॉर्डिंग बॉडी (सर्टिफिकेट देणारी) आणि दुसरी असेसमेंट एजन्सी (परीक्षा घेणारी). आपण तिसरे, शिकवणारे. आपल्याला अ‍ॅफिलिएशन घ्यायचं ते अवॉर्डिंग बॉडीकडून. शिकवणारा वेगळा, परीक्षा घेणारा वेगळा, सही करणारा वेगळा, हाच सगळ्या व्यवस्थेचा पाया आहे, त्यामुळे "आमच्याच सरांनी प्रॅक्टिकल घेतली तर चालेल का" हा प्रश्न निकाली निघतो. चालत नाही. स्वतःच्या मुलांचं असेसमेंट स्वतः करण्याची मुभा ड्युअल (सर्टिफिकेट आणि परीक्षा दोन्हीची) मान्यता असलेल्या अवॉर्डिंग बॉडीला असते, पण ते मोठ्या संस्थांचं काम, चार खोल्यांच्या क्लासने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत.

सुरुवात कुठून करायची तर जागा बघण्यापासून नाही, जॉब रोल (ज्या कामाचं शिक्षण द्यायचं ते काम) निवडण्यापासून. हे उलटं करणारे खूप जण आहेत, आधी गाळा भाड्याने घेतात, रंग देतात, फ्लेक्स लावतात आणि मग कळतं की त्या कोर्सला लॅब वेगळी लागते. नॅशनल क्वालिफिकेशन रजिस्टर नावाची सरकारी वेबसाइट आहे, तिथे मंजूर क्वालिफिकेशन सापडतं, समजा जनरल ड्युटी असिस्टंट (पेशंटची देखभाल करणारा), कोड एचएसएस/क्यू५१०१. ह्यालाच बोलताना सगळे क्यूपी म्हणतात, क्वालिफिकेशन पॅक. त्यात एनएसक्यूएफची लेव्हल दिलेली असते (आधी १० लेव्हल होत्या, २०२३ च्या बदलानंतर ८), किती तास शिकवायचं ते असतं, ३० तासांना एक क्रेडिट हा हिशोब असतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वैधता कधी संपते ती तारीख. ही तारीख बघाच बघा. मंजुरी कायमची नसते, मुदत संपायला आलेल्या क्यूपीवर सेंटर उभं केलं तर नवीन व्हर्जन येईल तेव्हा अवजारांची यादी, तास, सगळं बदललेलं असू शकतं.

मग त्याच क्वालिफिकेशनची फाइल आणि मॉडेल करिक्युलम डाउनलोड करून शांतपणे वाचा, खरंच वाचा, कारण इन्स्पेक्शनला येणारा माणूस त्यातलंच विचारणार असतो. ट्रेनरचं शिक्षण किती, अनुभव किती वर्षांचा, लॅबमध्ये कुठली मशीन, किती मुलांमागे किती, सगळं त्यात असतं. आणखी एक मॉड्यूल लोक विसरतात ते एम्प्लॉयबिलिटी स्किल्सचं, कोर्सप्रमाणे ३०, ६०, ९० किंवा १२० तासांचं असतं, त्याचेही मार्क असतात. शिवणकाम उत्तम शिकवणाऱ्या ताईंना हे मॉड्यूल जमेलच असं नाही, त्यामुळे कोण शिकवणार ते आधीच ठरवून ठेवा.

ट्रेनरचा मुद्दा थोडा जास्त बोलायला हवा कारण खरी अडचण इथेच येते. वीस वर्षं टेलरिंग केलेला माणूस तुमच्याकडे असतो, हातात जादू असते, पण त्याच्याकडे टीओटी सर्टिफिकेट नसतं. टीओटी म्हणजे ट्रेनर्सचं ट्रेनिंग, त्याच जॉब रोलचं, ते त्यांनाही परीक्षा देऊनच मिळतं. हे बहुतेक अवॉर्डिंग बॉडीच घेतात पण बॅच रोज निघत नाहीत, म्हणून अर्ज करायच्या आधी ट्रेनरला तिकडे पाठवा. आणि शक्यतो दोघांना पाठवा, एकच सर्टिफाइड ट्रेनर असेल आणि तो बॅच चालू असताना जास्त पगारावर शेजारच्या सेंटरला गेला तर तुमची बॅच लटकली.

अवॉर्डिंग बॉडी कुठली घ्यायची ते क्यूपीवरून ठरतं. बऱ्याच कोर्सना त्या त्या क्षेत्राची सेक्टर स्किल कौन्सिल असते, आरोग्याची वेगळी, ब्युटीची वेगळी, शेतीची वेगळी, कपड्यांची वेगळी. एका सेंटरमध्ये तीन क्षेत्रांचे कोर्स ठेवलेत तर तीन ठिकाणी अ‍ॅफिलिएशन, तीन ठिकाणी फी. सुरुवातीला एक नाहीतर दोनच जॉब रोल घ्या.

अर्ज ऑनलाइनच असतो. पूर्वी स्मार्ट नावाचं पोर्टल होतं, २०२३ च्या सप्टेंबरात स्किल इंडिया डिजिटल हब आलं, जुने यूट्यूब व्हिडिओ बघून जुन्या पोर्टलवर वेळ घालवू नका. संस्थेची नोंदणी, पॅन, भाडेकरार, ट्रेनरची कागदपत्रं, वर्ग-लॅबचे लोकेशनसकट फोटो असं सगळं तयार ठेवा. आधी कागद तपासतात, मग सेंटर बघायला येतात. त्यात अग्निशामक सिलिंडरची एक्सपायरी, मुलींसाठी वेगळं टॉयलेट, सीसीटीव्ही असल्या गोष्टी बघतात, ज्या आपल्याला किरकोळ वाटतात आणि नेमक्या त्यावरच शेरा येतो. आणि भाडेकरारावरचा पत्ता आणि अर्जातला पत्ता अक्षरशः एकच पाहिजे, एकीकडे गट नंबर आणि दुसरीकडे प्लॉट नंबर असला की अर्ज परत.

मान्यता आली म्हणजे सरकारी पैसा आला असं मात्र अजिबात नाही. केंद्राची पीएमकेव्हीवाय (प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना) असो नाहीतर आपल्या राज्याचं प्रमोद महाजन कौशल्य अभियान, त्यातलं टार्गेट (सरकारी पैशातून शिकवायच्या मुलांचा कोटा) मिळवणं ही वेगळी प्रक्रिया, वेगळे निकष. फी घेऊन बॅच चालवता येतात, आणि पहिल्या एकदोन बॅच तशाच चालवाव्यात, कारण सरकारी पैसे टप्प्याटप्प्याने येतात आणि तोवर भाडं, पगार आपल्याच खिशातून जातात.

बॅच संपत आली की असेसमेंटची तारीख. एजन्सी अवॉर्डिंग बॉडी ठरवते, आपण नाही. असेसर बाहेरून येतो, आधार बघून हजेरी घेतो, थिअरी, प्रॅक्टिकल, तोंडी असं होतं, पुराव्यासाठी फोटो-व्हिडिओ काढतात, त्या वेळी ट्रेनरने खोलीत थांबायचं नाही. कच्चा माल मात्र आपण द्यायचा, कापड, कात्र्या, ग्लोव्ह्ज जे लागेल ते, मुलांच्या संख्येपेक्षा थोडं जास्तच. पासिंगची टक्केवारी क्वालिफिकेशनच्या फाइलमध्येच लिहिलेली असते, मुलांना पहिल्याच दिवशी दाखवा. नापास झालेल्यांच्या फेरपरीक्षेची फी कोण भरणार हेही अ‍ॅडमिशनच्या वेळीच लिहून घ्या. आणि नोंदणी करताना मुलांची नावं आधारवर आहेत तशीच टाका, विशेषतः लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांची, कारण सर्टिफिकेट छापून आल्यावर दुरुस्तीला जो फेरा पडतो तो कोर्सपेक्षा मोठा असतो.